डेट्रॉइटचा भाजीपाला आणि मालकीचा प्रश्न

डेट्रॉइटला राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी भाजी आणायला म्हणून पायी निघाले. वीस मिनिटे चालल्यावर जे पहिले दुकान लागले, तिथे जाड काचेआड बसलेला दुकानदार, दारूच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे आणि गल्ल्याशेजारच्या टोपलीत सुरकुतलेली चार सफरचंदे, एवढाच माल होता. मोटारींसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या या शहरात ज्याच्याकडे मोटार नाही त्याला पालेभाजीची एक जुडी आणायलाही दोन बस बदलाव्या लागतात, हे मला त्या दिवशी कळले.

१९५० साली या शहराची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या आसपास होती. २०२० च्या जनगणनेत ती ६ लाख ३९ हजारांवर आली. कारखाने बंद पडले, गोरा मध्यमवर्ग उपनगरांत निघून गेला आणि त्याच्या पाठोपाठ मोठ्या सुपरमार्केटांनीही शहरातून काढता पाय घेतला. मागे उरलेल्या, बहुतांशी कृष्णवर्णीय वस्त्यांना सरकारी अहवालांत आणि वर्तमानपत्रांत ‘फूड डेझर्ट’, म्हणजे ताजे अन्न जवळपास न मिळणारे ‘अन्नाचे वाळवंट’, म्हटले जाते. इथल्या अनेक कार्यकर्त्यांना मात्र हा शब्द मान्य नाही. वाळवंट निसर्ग घडवतो. इथली उपासमार कोणत्या वस्तीला कर्ज द्यायचे, कुठे दुकान काढायचे आणि कुठले बंद करायचे, अशा माणसांनीच घेतलेल्या निर्णयांतून आली आहे, असे त्यांचे म्हणणे असल्यामुळे ते ‘फूड अपार्थाइड’, म्हणजे अन्नातला वर्णभेद, असा शब्द वापरतात. सुरुवातीला मला तो भडक वाटला होता. आता वाटत नाही.

एका शाळेचे मुख्याध्यापक राहिलेले मलिक याकिनी आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली जी संघटना उभी केली, ती आज ‘डेट्रॉइट ब्लॅक कम्युनिटी फूड सॉव्हरिन्टी नेटवर्क’ या नावाने ओळखली जाते. शहराच्या पश्चिम भागातील रूज पार्कमध्ये सात एकरांवर तिचे ‘डी-टाउन फार्म’ आहे. रिकाम्या जागेत भाजी पिकवण्याची कल्पना या शहराला तशी जुनीच. १८९३ च्या मंदीनंतर महापौर हेझन पिंग्री यांनी बेकारांना मोकळे भूखंड देऊन बटाटे लावायला सांगितले होते, आणि त्याबद्दल त्यांची भरपूर टिंगलही झाली होती.

पण पिकवणे हा झाला अर्धाच भाग. खिशात पैसे नसतील तर शेजारी मळा असून काय उपयोग? अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांना अमेरिकेचे केंद्र सरकार ‘स्नॅप’ योजनेखाली अन्नखरेदीसाठी कार्ड देते. २००९ साली डेट्रॉइटच्या बाजारांत ‘डबल अप फूड बक्स’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात कार्डावरून खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे, ठराविक मर्यादेपर्यंत, फळे आणि भाज्यांसाठी आणखी एक डॉलर मिळतो. त्यामुळे गिऱ्हाइकाची पिशवी भरते आणि शेतकऱ्याचा मालही खपतो. योजना चांगली आहे यात शंका नाही, परंतु तिचा निधी कधी आटेल हे गिऱ्हाइकाच्या हातात नसते.

म्हणूनच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते २०२४ च्या मे महिन्यात वुडवर्ड ॲव्हेन्यूवर उघडलेले ‘डेट्रॉइट पीपल्स फूड को-ऑप’ हे किराणा दुकान. भागभांडवल, सभासद, संचालक मंडळाची निवडणूक ही सहकाराची भाषा मराठी माणसाला काही परकी नाही. इथे मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती समजावून सांगत सभासद जोडण्यात कार्यकर्त्यांची अनेक वर्षे गेली. घाऊक खरेदीची ताकद असलेल्या बड्या दुकानांशी अशा दुकानाने भावात टक्कर देणे अवघडच, आणि केवळ दुकान आपले आहे म्हणून चार पैसे जास्त मोजणे गरीब घराला परवडत नाही. ही अडचण उत्साहाच्या भरात लपवू नये. तरीही नफ्याचे गणित जुळत नाही म्हणून दूरच्या कार्यालयात बसलेला कोणी या दुकानाला एका सकाळी कुलूप लावू शकणार नाही, हा फरक मला फार मोठा वाटतो.

आमच्या गल्लीच्या टोकालाही पाडलेल्या घराच्या जागेवर लोकांनी छोटा मळा केला आहे. जुन्या रंगातील शिसे मातीत उतरलेले असण्याची भीती असल्याने तिथे लाकडी चौकटी करून, त्यांत बाहेरची माती भरून वाफे केले आहेत. गेल्या वसंत ऋतूत नव्या चौकटीसाठी जागा सपाट करताना माझ्या फावड्याला काहीतरी खणकन लागले आणि न्हाणीघराच्या फरशीचा फिकट निळा तुकडा वर आला. मळा सांभाळणाऱ्या सत्तरीच्या बाईंनी तो हातात घेऊन पुसला आणि या घरात कोण राहत असे, त्यांना मुले किती होती, ते कोणत्या साली सोडून गेले, हे सगळे न थांबता सांगितले. मग त्यांनी तो तुकडा कुंपणाजवळच्या बादलीत टाकला. तसल्या तुकड्यांनी ती बादली निम्मी भरलेली होती.