जाहीर झालं की कळेलच, मग आधीपासून डोकं कशाला शिणवता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि एकदाच काय ते सांगतो, कारण लग्नात विचारतात, बँकेत विचारतात, परवा पेट्या भरताना टेम्पोवाल्यानेसुद्धा विचारलं. तुमचा तो मेटॅलिका, अमेरिकेतला रॉक बँड, भारतात यायचा असेल तर येईल, तारीख जाहीर झाली की कळेलच, तुम्ही इथे रत्नागिरीजवळ पावस गावात आंब्याच्या बागेत बसून अंदाज कसले लावता? आणि विचारताना चेहऱ्यावर ते हसू, मोहोर करपलेला दिसत असताना 'काय म्हणतोय यंदा आंबा' विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतं तसलं.

बरीच वर्षं माझं एक ठरलेलं उत्तर होतं, की बाबांनो, तुम्ही मुंबईतले लोक लोकलने जाल, मला रत्नागिरीहून रिझर्व्हेशन लागतं, चार महिने आधी उघडतं आणि डिसेंबरातलं उघडल्या उघडल्या संपतं, म्हणून मला आधीच अंदाज हवा. बिनतोड उत्तर होतं. मग 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेने 120 दिवसांचे 60 दिवस केले, मोठे बँड तर तीन-चार महिने आधी तारीख सांगतात, म्हणजे माझं कारणच गेलं. अंदाज काही गेले नाहीत. तेव्हा कारण ते नव्हतंच, हे मलाही कळतं, उगाच दाखवून देऊ नका.

2025 चंच घ्या. 19 नोव्हेंबरला ऑकलंड आणि 6 डिसेंबरला अबू धाबी, हे मेटॅलिकाने स्वतःच जाहीर केलेलं. न्यूझीलंडहून गल्फला जाताना वाटेत कोण लागतं, आपणच लागतो की. झालं, आमच्या मेटॅलिकावाल्या मंडळींत सुरू. एकाने नवी मुंबईतल्या डी. वाय. पाटील स्टेडियमचं कॅलेंडर काढलं, महिला वर्ल्ड कपची फायनल तिथे 2 नोव्हेंबरला, म्हणजे पुढे मोकळं. दुसरा म्हणाला महालक्ष्मी रेसकोर्स, मे महिन्यात गन्स अँड रोझेस तिथेच तर वाजवून गेले. मी म्हटलं, आधी स्टेजचं बोला. या टूरचं मेटॅलिकाचं स्टेज गोल, मैदानाच्या मधोमध, गोलाच्या आतसुद्धा पब्लिक, बऱ्याच शहरांत दोन-दोन रात्री आणि दोन्ही रात्री वेगळी गाणी, तो पसारा इकडे कोण उतरवणार? पण अबू धाबीला फॉर्म्युला वनच्या रेसबरोबर एकच रात्र आहे, तिथे ते साधं स्टेज लावणार, आणि साधं असेल तर मुंबईलाही जमेल. यात चुकीचं काय होतं सांगा. आले नाहीत, तो भाग वेगळा.

आता 'जाहीर झालं की कळेलच' याबद्दल. हे वाक्य माझ्यासमोर बोलू नका.

28 ऑक्टोबर 2011, गुडगाव. जाहीर झालेलं होतं. तिकीट माझ्या खिशात होतं. मेटॅलिकाचा भारतातला पहिलाच शो, दोन दिवसांनी बंगळूरुला दुसरा. बंगळूरु आम्हाला जवळ, पण पहिला तो पहिला, शिवाय दिल्लीत चुलत भाऊ, राहायची सोय. 28 तारखेला भाऊबीज होती हे मला माहीत नव्हतं असं नाही. 26 ला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, मी मंगला एक्सप्रेसला बसलो, भात कापून खळ्यात पडलेलं, वडील एक अक्षर बोलले नाहीत, आईने करंज्यांचा डबा दिला आणि म्हणाली ताईला फोन तरी कर.

मैदानाच्या गेटवर पहिला तो डबाच अडवला. आत खाणं न्यायचं नाही, इथे ठेव, जाताना घे. ठेवला. मग ऊन, धूळ, काळे टीशर्ट, नागालँडहून आलेली पोरं, काठमांडूहून आलेली पोरं, माझ्या शेजारचा एक जण तर बॉसला आजी गेल्याचं सांगून आलेला. संध्याकाळ झाली तरी स्टेजवर नुसती धावपळ. स्टेजसमोरचं बॅरिकेड धड नाही असं पुढून कानावर येत होतं, आम्हाला वाटलं करतील दुरुस्त, पहिल्यांदा थोडाच शो होतोय यांच्याकडे. मग कोणीतरी माइकवर येऊन सांगितलं, टेक्निकल प्रॉब्लेम आहे, शो उद्या. उद्या! ज्यांची रात्रीची गाडी होती ते काय करणार? पुढची पोरं बॅरिकेड ओलांडून स्टेजवर चढली, स्पीकर पाडले, बॅनर फाडले. मी चढलो नाही. चांगुलपणा वगैरे नाही, माझा एक बूट गर्दीत गेला होता आणि मी तो शोधत होतो. नंतर कळलं उद्याही नाही, रद्दच. आयोजकांच्या माणसांना पोलिसांनी धरलं म्हणे. गेटवर आलो तर तिथे ना तो माणूस, ना डबा.

रात्री ताईला फोन लावला. म्हटलं, शो झाला नाही गं. ती म्हणाली, बरं. मग थोड्या वेळाने म्हणाली, "मी चंद्राला ओवाळलं हो." ज्यांना भाऊ नाही त्या ओवाळतात तसं. चिडून नाही बोलली, जेवलास का विचारल्यासारखं बोलली. मी आपला बुटाबद्दल काहीतरी सांगत राहिलो.

30 तारखेला बंगळूरुला ते वाजवून गेले. मी तेव्हा परतीच्या गाडीत होतो, पैसे संपलेले. आणि त्यानंतर ते इकडे फिरकलेले नाहीत.

तेव्हापासून मला जाहीर तारीख आणि कोणीतरी बागेत बसून केलेला अंदाज यात तुम्हाला दिसतो तेवढा फरक दिसत नाही. तारीख छापली म्हणून बॅरिकेड उभं राहत नाही. आम्ही जे करतो, मैदान कुठलं, पाऊस कधी सरतो, सामान कुठून येणार, आधीचा शो कुठे, ही निदान चौकशी तरी आहे. हे मी ठासून सांगतो, आणि सांगता सांगता मला तो गुडगावचा मी दिसतो, एक बूट घातलेला. तो म्हणतो, फुकटच्या बाता, तू जात नाहीस म्हणून अंदाज लावतोस. मुंबईत लोलापलूझा फेस्टिव्हलला 2025 मध्ये ग्रीन डे बँडवाले आले तेव्हा कुठे होतास? मार्चमध्ये, बाबा, मार्चमध्ये होते ते, आंबा उतरत असतो. तो म्हणतो, भात खळ्यात टाकून मी गेलोच होतो ना? मी म्हणतो, हो, आणि काय बघून आलास? यावर तो गप्प बसतो, पण पटलेलं नसतं त्याला. मलाही पूर्ण पटलेलं नाही. कधी वाटतं त्या रात्री उधार घेऊन बंगळूरुला गेलो असतो तर आज हे काही करत बसलो नसतो, आणि कधी वाटतं, तेव्हाही बसलोच असतो.

यंदाही रिझर्व्हेशन उघडलं की मी डिसेंबरातलं एक तिकीट काढणार, तुतारी एक्सप्रेस, दादरहून रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटणारी. उघड्या मैदानातला शो दहाला आटपावा लागतो, रेसकोर्सवरून दादर आरामात गाठता येतं. कोणी आलं नाही तर रद्द करायचं, स्लीपरचे 120 रुपये जातात. बायको म्हणाली, येतानाचंच का, जातानाचं नको? तिला म्हटलं, जायला काय, दिवसा एसटीनेसुद्धा जाईन.