सांता फेच्या अंगणात पिन्यॉन लावताना

आमच्या घराच्या पश्चिमेला आडोसा हवा होता. वसंतात इथे वारा सुटला की अंगणातली माती थेट खिडक्यांवर येते. झाड बारमाही हिरवं हवं, पण पाणी कमी पिणारं. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातलं आमचं सांता फे समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फुटांवर आहे आणि वर्षाचा पाऊस जेमतेम १४ इंच. म्हणून आजूबाजूच्या टेकड्यांवर ज्युनिपरच्या सोबतीने आपसूक वाढणारा पिन्यॉन, म्हणजे इथला बुटका पाइन, तोच लावायचा, हे ठरायला वेळ लागला नाही. १९४९ पासून तो न्यू मेक्सिकोचा राज्यवृक्षही आहे.

वेळ लागला तो रोप निवडायला. नर्सरीत माळरानातून खणून आणलेली, गोणपाटात बांधलेली पुरुषभर उंचीची झाडं होती आणि कुंडीत वाढवलेली गुडघ्याएवढी रोपंही. मोठ्या झाडाचा मोह होतोच. पण पिन्यॉनची मुळं फांद्यांच्या घेराबाहेर लांबवर पसरतात आणि खणताना त्यातली बरीचशी जमिनीतच राहतात. मी कुंडीतली रोपं घेतली. पिन्यॉन वर्षाला काही इंचच वाढतो, त्यामुळे आडोसा मिळायला थांबावं लागणार, हे मान्य करूनच.

खड्डा खणताना हातभर खाली चुनखडीचा पांढरा कडक थर लागला. तो पहारीने फोडला, कारण त्यावर पाणी साचलं तर मुळं कुजतात. खड्डा खोल न करता रुंद केला. खत किंवा शेणकाला काही घातलं नाही, निघालेलीच माती परत भरली. खोडाचा बुंधा जिथे रुंद होऊन मुळांना मिळतो, तो भाग मातीच्या वर राहील याची काळजी घेतली. घरापासून रोपं चांगली लांब ठेवली. पिन्यॉनच्या लाकडात राळ भरपूर, वणव्याच्या दिवसांत तो भिंतीला चिकटून नको. मधल्या जागेत ब्लू ग्रामा गवत आणि अपाची प्लूम नावाचं झुडूप लावलं, दोन्ही इथलीच.

पाण्याबद्दल मात्र मला ठासून सांगायचंय. दुष्काळ सोसणारं झाड म्हणजे लावल्या दिवसापासून दुष्काळ सोसणारं झाड नव्हे. मुळं पसरेपर्यंत त्याला पाणी द्यावंच लागतं. पण रोज शिंपडून उपयोग नाही. मी ठिबकची नळी खोडाजवळून काढून फांद्यांच्या टोकांखाली फिरवली, पाणी हळूहळू खोलवर मुरू दिलं आणि मधे माती सुकू दिली. जुलैत मान्सूनच्या सरी सुरू झाल्या की नळ बंद. हिवाळा कोरडा गेला, तर जमीन गोठलेली नसेल अशा दुपारी महिन्यातून एकदा पाणी.

इतकं जपायचं कारण इथल्या लोकांना माहीत आहे. २००२-०३ च्या दुष्काळात या भागातले पिन्यॉन डोंगरच्या डोंगर तांबूस होऊन वाळले. मारलं ते इप्स नावाच्या सालीतल्या बारीक भुंगेऱ्याने, पण त्याला वाट करून दिली तहानेने. धडधाकट झाड राळ सोडून भुंगेऱ्याला बाहेर ढकलतं, तहानलेल्या झाडाकडे तेवढी राळच नसते. ताज्या कापलेल्या लाकडाच्या वासाने हे भुंगेरे येतात, म्हणून छाटणी मी फक्त कडाक्याच्या थंडीत करते आणि फांद्या लगेच हलवते.

वसंताच्या तोंडावर एका रोपाच्या बुंध्याशी कापसासारखे पांढरे पुंजके दिसले. सुयांवरच्या खवलेकिडीची ती अंडी. पिल्लं बाहेर पडायच्या आत पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बुंधा आणि फांद्यांची बेचकी धुऊन काढली, औषध लागलं नाही. शरदात आतल्या बाजूच्या जुन्या सुया पिवळ्या पडून गळतात. ते मात्र नेहमीचंच, त्यावर काही करायचं नसतं.

आता रोपं माझ्या खांद्याला लागली आहेत. फांद्या पार जमिनीपासून फुटल्यामुळे एवढ्या उंचीतही वारा बराच अडतो, म्हणून खालच्या फांद्या मी कापत नाही. बिया मिळायला झाड पंचविशीच्या आसपास यावं लागतं, आणि शंकू धरल्यापासून बी पिकेपर्यंत तीन मोसम जातात. ‘पिन्यॉन जे’ नावाचे निळे पक्षी या बिया जमिनीत पुरून ठेवतात, विसरलेल्या बियांतून नवी झाडं उगवतात. बहुतेकदा एखाद्या झुडपाच्या सावलीत. म्हणूनच कुंपणापलीकडची सेजब्रशची झुडपं मी उपटलेली नाहीत.