आमची वाटचाल: १२ बाय १०ची खोली

दापोली ते हर्णै पट्ट्यात आम्ही २२ वर्षं घरं बांधतोय. चांगल्या वर्षांचं काय सांगायचं, कामं आली, पुरी केली. सांगायचंय ते २०११ सालच्या बंगल्याचं.

समुद्राकाठचा प्लॉट, नकाशा शहरातल्या आर्किटेक्टचा, बघायला देखणा. दर चौरस फुटावर ठरला आणि तिथेच आम्ही फसलो. १७ कॉलम, त्यांची ९ मापं. बीमची उंची खोलीगणिक वेगळी. पुढे गोल बाल्कनी. आमच्या सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅबचं काँक्रीट ओतायला खालून धरायच्या साच्याच्या, प्लेटा ३ बाय २ फुटी. बीममधलं माप १२ बाय १० असलं की बरोबर २० प्लेटा बसतात, फळी कापावी लागत नाही. इथे खोली ११ फूट ४ इंच! प्रत्येक कडेला प्लायच्या पट्ट्या मारत बसा. कॉलमची पेटी, म्हणजे त्याचा साचा, एकदा वापरली की दुसरीकडे चालेना. सळई १२ मीटरची येते, पण या मापांत इतके तुकडे उरले की भंगारवाला दोनदा टेम्पो घेऊन आला. मजुरी दुप्पट, चौरस फूट तेवढेच.

स्लॅब व्हायच्या आधी मृग लागला. प्लाय फुगला, बांधलेली सळई खाऱ्या वाऱ्याने लाल झाली, साहित्याचं भाडं चढत राहिलं. उशीर झाला म्हणून मालकाने आमचे पैसे कापले, आर्किटेक्टला फी पुरी मिळाली. घरातलं सोनं गहाण पडलं.

त्या पावसाळ्यात गावातल्या निवृत्त गुरुजींनी बोलावलं. चौकटीच्या वहीत घर आखलेलं. आमचा सेंटरिंगवाला मिस्त्री आणि मी ओटीवर बसलो. गुरुजी म्हणाले, "तुमची प्लेट केवढी, ते आधी सांगा." मग पट्टी घेऊन त्यांनी खोल्या १२ बाय १०च्या केल्या. इंजिनिअरने कॉलमला एकच माप दिलं, खालच्या पेट्या वरच्या मजल्यालाही लागल्या. खिडक्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, थरावर धरल्या, चिरा तासावा लागला नाही. एप्रिलअखेर स्लॅब टाकून झाला. त्या पैशांतून सोनं सुटलं.

घर बांधणाऱ्यांनो, दर विचारण्याआधी नकाशात कॉलमची वेगवेगळी मापं किती, ते मोजा. बांधणाऱ्याला नकाशा पक्का व्हायच्या आधी बोलवा. आणि वाचलेला पैसा काँक्रीटमध्ये घाला. समुद्राच्या हवेत उघड्या कामाला एम ३० ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, हे आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात लिहिलेलंच आहे. तिथे घासाघीस करू नका.

गुरुजींच्या वहीचं ते पान ऑफिसात फ्रेम करून लावलंय. २०११च्या त्या बंगल्याचा फोटो आर्किटेक्टच्या माहितीपत्रकात आहे, खाली बांधणाऱ्याचं नाव नाही.