पिठाच्या गिरणीतला पेशंट

आरजीपी, म्हणजे ऑक्सिजन आरपार जाऊ देणारी कडक कॉन्टॅक्ट लेन्स कुणाला द्यायची, हे टोपोग्राफीचा, म्हणजे कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) चढउतारांचा रंगीत नकाशा ठरवतो असं लोकांना वाटतं. नकाशा फक्त गरज दाखवतो. ती लेन्स त्या माणसाला रोज झेपेल का, हे त्यालाच विचारावं लागतं, आणि तेवढा वेळ फार थोडे लोक काढतात.

ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या क्लिनिकमध्ये कळव्याहून बापलेक आले. मुलगा तेविशीचा, दोन्ही डोळ्यांत केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा फुगलेला, आणि तो घट्ट करायचं सी-थ्री-आर झालेलं. "ऑपरेशन करूनही दिसत नाही," ही वडिलांची तक्रार. सी-थ्री-आरने कॉर्नियाचा फुगवटा वाढायचा थांबतो, गेलेली नजर परत येत नाही, हे त्यांना कुणी समजावलंच नव्हतं. वर एका चष्म्याच्या दुकानाने सॉफ्ट टोरिक (सिलिंड्रिकल नंबरची मऊ) लेन्स गळ्यात मारलेली. सॉफ्ट लेन्स त्या उंचवट्यावर तशीच वाकते, मग नजर सुधारणार कशी? डोळा मोठा करून तपासायचा स्लिट लॅम्प नसलेल्या दुकानांनी लेन्स विकूच नयेत.

उजवा डोळा चष्म्याने ६/२४, पिनहोलमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, ६/९. म्हणजे सुधारायला वाव होता. ७.०० मिमी वक्रतेची ट्रायल आरजीपी लेन्स घातली, फ्लुओरेसिन हा चमकणारा रंग लावून निळ्या प्रकाशात पाहिलं, तर शंकूच्या टोकावर काळा डाग. लेन्स तिथे दाबत होती. अशा फिटिंगनेही दिसतं छान, पण घासून घासून टोकावर व्रण पडायची भीती. मग जरा जास्त वक्र, ६.८० ची घातली. टोकावर हलका स्पर्श, दोन्ही कडांना हलका टेका, मधे हिरवं पाणी. पापणी मिटली की लेन्स अलगद वर जाऊन खाली येत होती. असं फिटिंग बघायला मला आजही मनापासून आवडतं. ट्रायलला भूल देणारा थेंब मी टाकत नाही, खुपणं पेशंटला आधीच कळायला हवं. डोळ्यातलं पाणी थांबल्यावर लेन्सवरून उरलेला नंबर लावला आणि तो अडखळत ६/६ ची ओळ वाचून गेला. वडील उठून उभेच राहिले.

केसपेपरवर 'धंदा' एवढंच लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाला, "पिठाची गिरणी आहे, मॅडम."

पीठ लेन्सखाली गेलं की टोचणार, टोचलं की तो चोळणार, आणि केराटोकोनसमध्ये चोळण्याइतकं वाईट काही नाही. वरची पापणी उलटवली, आत ॲलर्जीचे दाणे होतेच.

"मग रात्री गिरणी बंद केल्यावर घालतो ना."

पण आरजीपी अशी अधूनमधून घालून अंगवळणी पडत नाही, रोज तास वाढवत न्यावे लागतात. दुसरा पर्याय स्क्लेरल लेन्सचा, ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते, तिच्याखाली धूळ सहसा जात नाही. किंमत सांगितली आणि दोघेही गप्प झाले.

"गिरणी मी बघतो, याला हिशेबाला बसवतो," वडील म्हणाले. आमचा एक जिना चढताना त्यांना लागलेला दम मी पाहिला होता.

डॉक्टरांनी आधी ॲलर्जीचे थेंब सुरू केलेत, लेन्सची ऑर्डर मी थांबवली आहे. पुढच्या भेटीत पापणी पुन्हा उलटवून बघेन. दाणे ओसरले असतील आणि तो खरंच गल्ल्यावर बसत असेल, तर ६.८० मागवेन. नाहीतर स्क्लेरलच, आणि तिच्यासाठी मदत करणारा एखादा ट्रस्ट मी आतापासूनच शोधतेय.