चिवावाहून आलेली माणसं

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात 105 काउंट्या, म्हणजे जिल्हे, आहेत आणि मी त्यांचे नकाशे करते. फिरत्या दवाखान्याची गाडी कुठे न्यायची, दुभाषा कुठे लागेल, पत्रकं कुठल्या भाषेत छापायची, हे ठरवणारे लोक आमच्या नकाशांवर अवलंबून असतात. त्यात सगळ्यात जास्त मागणी असते ती मेक्सिकन वस्तीच्या नकाशाला. 2020 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या 29 लाखांच्या वर होती. त्यात सुमारे 13 टक्के हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांतल्या मुळाचे, आणि त्यांतले बहुसंख्य मेक्सिकन मुळाचे.

हा नकाशा दोन प्रकारे रंगवता येतो. माणसं मोजली तर विचिटा शहराची सेजविक काउंटी आणि पूर्वेकडची वायंडॉट काउंटी गडद होतात. टक्केवारी काढली की रंग एकदम नैऋत्य कोपऱ्यात सरकतो. तिथल्या फोर्ड आणि स्यूअर्ड काउंटीत निम्म्याहून अधिक लोक हिस्पॅनिक आहेत, शेजारच्या फिनीमध्ये निम्म्याच्या आसपास. बाकीचा ग्रामीण कॅन्सस ओस पडत चाललाय, शाळा एकत्र कराव्या लागतायत. या तीन काउंट्यांत मात्र वर्ग भरलेले आहेत.

या रंगांमागचा इतिहास कामाचा आहे. मी मराठवाड्यातली, त्यामुळे तो समजायला मला वेळ लागला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांता फे रेल्वेला रूळ टाकायला आणि सांभाळायला माणसं हवी होती. सीमेवरच्या एल पासो शहरातले कंत्राटदार उचल देऊन मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातो, मिचोआकान, हालिस्को इथल्या गड्यांना गाडीत बसवत. मुकादम आणि ऊसतोडीच्या टोळ्या पाहिलेल्या माणसाला ही व्यवस्था वेगळी सांगावी लागत नाही. टोपीका, न्यूटन, एम्पोरिया आणि कॅन्सस सिटीतला अर्जेंटाइन भाग इथल्या जुन्या मेक्सिकन वस्त्या रुळांना लागूनच आहेत. काही कुटुंबं कित्येक वर्षं मालडब्यांत राहिली. 1930 च्या जनगणनेत त्यांना ‘मेक्सिकन’ वंशाचे म्हणून मोजलं. तसं तेव्हा एकदाच झालं, 1940 मध्ये तीच माणसं पुन्हा ‘गोरी’ या रकान्यात गेली. गार्डन सिटीत 1906 मध्ये साखर कारखाना निघाला, तेव्हा बीटाच्या खुरपणीलाही हीच माणसं आली.

नैऋत्येचा आजचा गडद रंग मात्र पाण्यातून आला. जमिनीखालच्या ओगलाला जलसाठ्यातून खोल विहिरींनी पाणी उपसलं जाऊ लागलं, फिरत्या फवाऱ्यांखाली गोल गोल शेतं उभी राहिली. त्यात मका आणि ज्वारी पिकली, चाऱ्यामागून जनावरांचे मोठे गोठे आले आणि गोठ्यांमागून कत्तलखाने. 1980 च्या डिसेंबरात हॉलकॉम्बजवळ आयबीपी कंपनीचा प्रचंड कारखाना सुरू झाला. इतकी माणसं त्या परिसरात नव्हतीच. पट्ट्यावर थंडीत उभं राहून तासन्‌तास सुरी चालवायची, हे काम करायला मेक्सिकोतून, टेक्सासमधून, आणि आग्नेय आशियातूनही लोक आले. मनगटं आणि खांदे कायमचे दुखावून घेऊन ज्यांनी ही गावं जिवंत ठेवली, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

इतकं माहीत असूनही त्याच कोपऱ्यातल्या हॅस्केल काउंटीचं कोडं सुटत नव्हतं. जेमतेम चार हजार वस्तीची ही काउंटी, गाव सब्लेट. माझ्याकडे दोन तक्ते होते. एक ‘जन्म मेक्सिकोत’ असं सांगणाऱ्यांचा, दुसरा स्वतःला ‘मेक्सिकन’ म्हणवणाऱ्यांचा. एरवी दुसरा आकडा पहिल्याला पोटात घेतो, कारण त्यात इथे जन्मलेली पुढची पिढीही येते. हॅस्केल आणि आजूबाजूच्या काउंट्यांत ही सांगड नीट बसत नव्हती. छोट्या काउंटीचे आकडे पाच वर्षांची पाहणी एकत्र करून काढतात आणि तरीही त्यात चुकीची शक्यता मोठी असते. आमच्या बैठकीत तेच कारण धरलं गेलं, आणि स्पॅनिश पत्रकांचे गठ्ठे गाडीत चढले. मी म्हटलं, मला तिथे एकदा जाऊ द्या.

शिबिर एका सभागृहात होतं. नावनोंदणीच्या टेबलावर मी नर्सबाईंच्या शेजारी बसले. सकाळी स्पॅनिश बोलणारी कुटुंबं आली, बहुतेक गोठ्यांवर काम करणारी. मग दारात एक मोठी व्हॅन थांबली. उतरल्या त्या गोऱ्यापान, निळ्या डोळ्यांच्या बायका. लांब फुलाफुलांचे झगे, डोक्याला रुमाल, मागे पायरी पायरीने उंची कमी होत गेलेली मुलं. दुभाष्या मुलीने हसून स्पॅनिशमध्ये स्वागत केलं. पुढे आलेल्या बाईंच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्या सोबतच्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

नवऱ्याला स्पॅनिश उत्तम येत होतं. तो म्हणाला, “माझा जन्म मेक्सिकोतल्या चिवावा राज्यातला, कुआउतेमोकजवळचा. हिचाही तिथलाच. हिला फक्त आमची भाषा येते.” त्यांची भाषा म्हणजे प्लाउटडीच, सखल प्रदेशातली जुनी जर्मन. हे मेनोनाइट, म्हणजे एका जुन्या ख्रिस्ती पंथाचे लोक.

मग मला जे हवं होतं ते समोरच घडलं. अर्जावर हिस्पॅनिक आहात का असा रकाना होता. नवऱ्याने स्वतःपुढे ‘होय, मेक्सिकन’वर खूण केली. बाईंनी त्याला विचारून विचारून स्वतःच्या अर्जावर ‘नाही’ म्हटलं. एका घरात, एकाच गावी जन्मलेली दोन माणसं आणि दोन उत्तरं. त्यांची परवानगी घेऊन मी विचारलं, असं कसं? तो म्हणाला, “माझा पासपोर्ट मेक्सिकोचा, मित्र मेक्सिकन, मी तिथेच वाढलो. मग मी दुसरा कोण?” बाईंचं उत्तर त्याने सांगितलं, “आम्ही मेनोनाइट आहोत, आणखी काही नाही.”

मला दोघांचंही पटलं. त्या दिवशी आलेल्या अशा कुटुंबांत कुणी एक उत्तर दिलं, कुणी दुसरं.

त्यांचा प्रवास मी नंतर नकाशावर मांडला तेव्हा थक्क झाले. 1870 च्या दशकात रशियातून हे लोक निघाले. काही कॅन्ससला आले, काही कॅनडातल्या मॅनिटोबात गेले. कॅन्ससला 1874 मध्ये आलेल्यांनी टर्की रेड जातीचा हिवाळी गहू आणला असं इथे अभिमानाने सांगतात, आणि त्यांना जमीन विकली ती सांता फे रेल्वेने. रुळांसाठी पुढे मेक्सिकन मजूर आणणारी तीच कंपनी. मॅनिटोबातल्यांवर इंग्रजी शाळांची सक्ती झाली. मेक्सिकोचे अध्यक्ष आल्वारो ओब्रेगोन यांनी 1921 मध्ये त्यांना स्वतःच्या शाळांची हमी दिली, म्हणून 1922 पासून ते चिवावात उतरले. तिथे घरं वाढली, जमीन पुरेना, दुष्काळ पडले. अलीकडच्या दशकांत त्यांची नातवंडं-पतवंडं ओलिताच्या शेतांवर आणि गोठ्यांवर कामाला नैऋत्य कॅन्ससला आली. पूर्वजांच्या काही भाऊबंदांनी जे राज्य निवडलं होतं, तिथेच ती मेक्सिकोमार्गे पोचली.

दवाखान्यापुढचा प्रश्न मात्र रोकडा होता. त्या बाईंना सातवा महिना होता आणि साखर तपासायची होती. उपाशीपोटी आलात का, एवढं विचारायलाही नवरा मध्ये लागत होता. बाईंना जे नवऱ्यादेखत बोलायचं नसेल ते राहूनच जाणार. शेवटी व्हॅनमधली सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी इंग्रजीत मदतीला आली. तिने नीट केलं, पण बाळंतपणाच्या प्रश्नांचं ओझं मुलीवर टाकणं बरोबर नाही, असं नर्सबाई तिथल्या तिथे म्हणाल्या.

पत्रक प्लाउटडीचमध्ये छापून भागणार नव्हतं. ती मुख्यतः बोलायची भाषा आहे. शाळेत आणि चर्चमध्ये ते प्रमाण जर्मन वाचतात, घरची भाषा वाचायची सवय फारच थोड्यांना. म्हणून अहवालात मी लिहिलं: ध्वनिमुद्रित सूचना करा आणि त्याच समाजातली एखादी प्रौढ बाई पगार देऊन दुभाषी म्हणून नेमा. नकाशावर या काउंट्यांसाठी जन्मस्थान आणि स्वतः सांगितलेलं मूळ असे दोन वेगळे थर ठेवले. शिवाय घरात बोलली जाणारी भाषा हा तिसरा थर जोडला.

बैठकीत कुणीतरी विचारलं की मग यांना मेक्सिकन नकाशातून वगळायचं का. मी ठामपणे नाही म्हटलं. ज्याने ‘होय’वर खूण केली त्याला पुसण्याचा अधिकार मला नाही, आणि जिने ‘नाही’ म्हटलं तिला रंगवण्याचाही नाही. पुढच्या फेरीला गाडीत स्पॅनिश दुभाषी होतीच, सोबत सब्लेटजवळच्या एका शेतावरची, पाच मुलांची आईही होती. तपासणीच्या खोलीचं दार लावून घेऊन तिने पहिल्याच बाईशी बराच वेळ बोलून घेतलं, आणि नवरे बाहेर बाकावर थांबले.