ताईचं पुस्तक, यॉर्कशायरच्या बाई आणि फ्लेमिंगोचा गुलाबी

लीड्समध्ये नोव्हेंबर म्हणजे चार वाजताच काळोख, आणि घरात बसलं तर माणूस मराठी सिरियलींचे जुने एपिसोड बघत बसतो, म्हणून आम्ही दोघं तेव्हा हॅरोगेटला थॉट बबल बघायला जातो. इथून ट्रेनने पाऊण तासाच्या आत. कॉमिक्सची जत्रा आहे ही, २००७ साली लीड्समध्येच सुरू झाली, २०१९ला हॅरोगेटला गेली. कॉमिक्स म्हटल्यावर माझ्या सासूबाईंना वाटतं लहान मुलं आणि सुपरहिरोंचे मुखवटे, ते असतंच थोडंफार, पण खरी गर्दी असते ती टेबलांपाशी. मोठमोठे हॉल, रांगेने टेबलं, आणि प्रत्येक टेबलामागे एक माणूस स्वतः काढलेलं, स्वतः छापलेलं पुस्तक घेऊन बसलेला. काहींची पुस्तकं सोळा पानांची, दोन पिना मारलेली, काहींची जाडजूड. प्रकाशक वगैरे काही नाही, छपाईचे पैसे स्वतःचे, पुस्तकाचे खोकेही स्वतःच ओढत आणलेले.

ह्या वेळी एका टेबलापाशी आम्ही बराच वेळ अडकलो. साठीच्या पुढच्या बाई, शाळेत शिकवायच्या, रिटायर झाल्यावर पुस्तक केलं. विषय काय तर आमच्याकडे हॅरोगेटच्या पश्चिमेला थ्रसक्रॉस नावाचं धरण आहे, १९६६ला पूर्ण झालं, त्यात वेस्ट एंड नावाचं गाव पाण्याखाली गेलं, दुष्काळात पाणी फारच खाली गेलं की जुन्या भिंतींचे अवशेष वर येतात. त्या गावातल्या एका घराची गोष्ट बाईंनी वॉटरकलरमध्ये काढलीय. सुरुवातीची पानं हिरवी-तपकिरी, पुढे पुढे प्रत्येक पानावर खालून निळा वॉश चढत जातो, शेवटच्या पानांत तर चौकटीच उरत नाहीत. मला कोयनेचं पाणी आठवलं, आणि नवी मुंबईचं तर आठवणारच, सिडकोसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या, ती गावं बुडाली नाहीत पण बिल्डिंगांच्या मध्ये अशी बसलीत की नेरूळला नवीन आलेल्या माणसाला शेजारी गावठाण आहे हे पण कळत नाही.

तर ह्या बाईंचं टेबल. डावीकडे पुस्तक, १८ पौंड. मध्ये प्रिंट्स. उजवीकडे एक मोठी फाईल, त्यात पुस्तकाची मूळ पानं, म्हणजे ज्या कागदावर खरंच ब्रश फिरलाय तो कागद, प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने किंमत, १२० पौंडांपासून पुढे. मी फाईल चाळत होते तर स्वतःहून सांगायला लागल्या, की पुस्तकातून फक्त छपाईचे पैसे निघतात, कधी तेही नाही, पुढचं वर्षभर काम करता येतं ते ह्या पानांवर. लोक आधी पुस्तक घेतात, घरी नेऊन वाचतात, एखादं पान मनात बसतं आणि पुढच्या वर्षी तेच पान विकत घ्यायला येतात. हे सगळं अगदी सहज बोलत होत्या, कुठे संकोच नाही की उगाच ‘आपलं हौस म्हणून करते हो’ असलं काही नाही. किंमत विचारली की आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला फार आवडलं, आपल्याकडे आकड्यानंतर लगेच ‘पण तुम्हाला कमी करून देईन’ येतं.

माझ्या बॅगेत ताईचं पुस्तक होतं. ताई म्हणजे माझी मावसबहीण, नेरूळला राहते, वाशीत एका ऑफिसात अकाउंट्स बघते आणि उरलेल्या वेळात चित्रं काढते. वाटेत कोणी भेटलं तर दाखवायला म्हणून मी पुस्तक घेऊनच फिरते. सहा फर्म्यांचं, म्हणजे ९६ पानांचं, ठाण्याच्या खाडीत डोल, म्हणजे मासे धरायचं मोठं जाळं, लावणारा एक म्हातारा कोळी आणि त्याची नात, सगळे संवाद आगरी-कोळी बोलीत. आणि फ्लेमिंगो, ते तर असणारच. महापालिकेने शहराला फ्लेमिंगो सिटी करून टाकलंय, नेरूळ-सीवूड्सला भिंतींवर फ्लेमिंगो, सर्कलमध्ये फ्लेमिंगो, पण ताईचे फ्लेमिंगो तसले कॅलेंडरवाले नाहीत, तिने २०२४चा उन्हाळा पण काढलाय, जेव्हा नेरूळच्या डीपीएस तलावात खाडीचं पाणी यायचं अडलं आणि तिथे पक्षी मेले. ती चार पानं शब्दांशिवाय आहेत.

बाईंना मराठी यायचा प्रश्नच नाही, तरी शेवटपर्यंत पानं उलटली. आधी विचारलं अक्षरं हाताने काढलीत का. हो, हातानेच, कारण फॉन्टमध्ये टाकून बघितलं तर फुग्यात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसत होते, देवनागरीला वर-खाली दोन्हीकडे जागा लागते, इंग्रजीसाठी आखलेल्या फुग्यात ती मावत नाही, मग ताईने सगळे फुगे मोठे केले आणि तीनशेच्या आसपास फुगे स्वतःच्या अक्षरात लिहिले. मग बाई थव्याच्या पानावर थांबल्या आणि म्हणाल्या, मूळ चित्रात हा गुलाबी जास्त झगझगीत असणार ना?

होता! ताई प्रूफ बघून प्रेसमध्ये रडायच्या बेतात होती. ती वापरते ऑपेरा पिंक, ट्यूबमधून काढला की अक्षरशः पेटल्यासारखा दिसतो, आणि छपाईत चार शाईंतून तो गुलाबी निघतच नाही, मळकट होतो, प्रेसवाला बिचारा काय करणार. बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, इथले स्वतः छापणारे लोक कव्हर तरी रिसोग्राफवर छापतात, जपानी मशीन आहे, एका वेळी एक रंग छापतं आणि त्यात फ्लोरोसंट गुलाबी शाई मिळते, किंवा ऑफसेटवाल्याला पाचवा रंग वेगळा द्यायला सांगायचं, खर्च वाढतो पण गुलाबी जिवंत राहतो. आणि दुसरी गोष्ट जरा घाबरवणारी, की ऑपेरा पिंक उजेडात टिकत नाही, त्यातला झगझगीतपणा एका फ्लोरोसंट डायचा असतो आणि तो उडतो. पुस्तकासाठी चालेल, स्कॅन झालं की काम झालं, पण मूळ पान विकायचं असेल तर विकत घेणारा ते भिंतीवर लावणार, त्याच्यासाठी क्विनॅक्रिडोन रोझ वापर म्हणावं, थोडा शांत रंग आहे पण टिकतो. खात्री करायची तर एका पट्टीवर दोन्ही रंग लावायचे, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाकून खिडकीत ठेवायची आणि एक उन्हाळा वाट बघायची. (ताईने नेरूळच्या खिडकीत ठेवलीय, तिथलं ऊन बघता उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागणार नाही असं आमचं मत.)

जानेवारीत मी घरी आले आणि पहिलं विचारलं, ताई, तुझी मूळ पानं कुठायत? तर दिवाणात. जुन्या चादरींच्या खाली, प्लॅस्टिकच्या फाईलीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, कारण पावसाळ्यात नवी मुंबईत कागदाला बुरशी धरते. छप्पन्न पानं! आणि पुस्तक मात्र ती प्रत्येक नातेवाइकाला फुकट वाटत सुटलेली. तीनशे प्रतींतल्या किती विकल्या आणि किती भेट गेल्या ह्याचा हिशोब अकाउंट्सवाल्या बाईकडे नव्हता, किंवा होता पण ती सांगत नव्हती. एक मात्र आपल्याकडे सोपं आहे, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, फुकट मिळतो, इंग्लंडमध्ये विकत घ्यावा लागतो. बाकी जत्रेचं टेबल वगैरे काही नाही, मुंबईत महागडे कॉमिक कॉन असतात, तिथला स्टॉल घ्यायचा तर सगळी कमाई भाड्यात.

मावशीचा वेगळाच मुद्दा. ‘अगं वॉटरकलर म्हणजे शाळेतलं, एलिमेंट्री-इंटरमिजिएटचं, त्याला कोण पैसे देतं? ऑइल काढ म्हणावं तिला.’ मी तिला सावंतवाडीच्या चित्रकार हळदणकरांची ती दिवा घेतलेली बाई मोबाईलवर दाखवली, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, वॉटरकलरच आहे ते, कितीतरी लोक आजही राजा रविवर्म्याचं ऑइल समजतात. मावशी म्हणाली, हो पण ते हळदणकर.

शेवटी सोसायटीच्या हळदीकुंकवालाच टेबल लावलं. क्लब हाऊसच्या दाराशी, जिथून सगळ्यांना आत जावंच लागतं. डावीकडे पुस्तक ४५० रुपये, उजवीकडे फाईल, प्रत्येक पानामागे पेन्सिलीने किंमत, चार हजारांपासून. ताईने ते आकडे लिहायला सगळ्यात जास्त वेळ लावला, चित्र काढायला एवढा लागला नसेल. चांगली पंधरा-वीस पानं माउंट करून, म्हणजे भोवती जाड पुठ्ठ्याची चौकट लावून ठेवली होती, कारण काच थेट चित्राला लागली की आपल्या दमट हवेत रंग काचेलाच चिकटतो.

आता प्रश्न ऐका. लहान मुलांसाठी आहे का? फोटो बघून काढलं का? एक चित्र काढायला किती वेळ लागतो? आमच्या मुलीला इंटरमिजिएटला बी ग्रेड होती. हे ह्या वर्षीचं वाण आहे का? (हा प्रश्न एकीने नाही, बऱ्याच जणींनी विचारला, आणि दोघी तर वाण समजून पुस्तक उचलून निघाल्याच होत्या.) हॅरोगेटला पण लोक विचित्र बोलतात, पण ते हवामानावर बोलतात. पुस्तकं मात्र खपत होती, क्यूआर कोडचा तो डबा दर थोड्या वेळाने ओरडून पैसे आल्याचं सांगत होता आणि प्रत्येक वेळी ताई दचकत होती.

फाईलला कोणी हात लावेना. मग करावे गावातल्या एक काकू आल्या, आमच्या सोसायटीत त्यांची सून राहते. फाईल सुरुवातीपासून नीट बघितली, डोल लावायच्या पानावर आल्या आणि म्हणाल्या, ‘होरी चुकलीय तुजी.’ ओहोटीला होडी अशी सरळ उभी राहत नाही, चिखलात एका अंगावर कलंडते, आणि ही जाळ्याची दोरी इथून नाही, तिथून. ताईने पेन्सिल काढली आणि त्यांच्याकडून पुस्तकाच्या पानावर खुणा करून घेतल्या, अजून दोन-तीन पानांवर पण काय काय निघालं. एवढं झाल्यावर काकूंनी विचारलं, केवढ्याला. ताईने माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली चार हजार, आणि गप्प बसली. काकू पण गप्प. मला वाटलं आता ताई मोडणार. काकू म्हणाल्या तीन हजार, होरी चुकलेली हाय. साडेतीनला ठरलं. चुकलेल्या होडीसकट पान गेलं करावेला, सासऱ्यांच्या फोटोशेजारी लावणार म्हणाल्या. ते बघून अजून दोघींनी फाईल उघडली, एकीने फ्लेमिंगोचं पान घेतलं, आणि ताईने तिला स्वतःहून सांगितलं की ह्यातला गुलाबी थोडा उडेल, उन्हात लावू नका. तरी घेतलं.

दुसरी आवृत्ती मेपर्यंत काढायचं चाललंय, होड्या सरळ करून, म्हणजे कलंडवून, आणि कव्हरला पाचव्या रंगाने गुलाबी देऊन. भाव ऐकून प्रेसवाल्याशी अजून घासाघीस चालू आहे. तोपर्यंत पहिलीच्या काही प्रती शिल्लक आहेत. पक्षी मेपर्यंत असतात, रविवारी सकाळी नेरूळला टी. एस. चाणक्य ह्या मर्चंट नेव्हीच्या कॉलेजमागे पाणथळीपाशी निळी टोपी घालून स्केच करत बसलेली दिसली तर तीच ताई, जाऊन बोला, पिशवीत पुस्तक असतंच. पानांचा भाव करायचा असेल तर खुशाल करा, पुस्तकाचा नका करू, त्यात तिला काही सुटत नाही.