शिफ्टमधले दोन तास

कामगाराला पगारी वेळेतला काही भाग त्याने स्वतः निवडलेल्या कामासाठी द्यावा, असे कोल्हापुरात कोणापुढे मांडले की पहिला प्रश्न उत्पादनाचा येतो. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतील बहुतेक फाउंड्री (लोखंड वितळवून साच्यात ओतणारे कारखाने) आणि मशीन शॉप दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम करतात. माल कोणत्या तारखेला पोहोचायचा हे ग्राहक ठरवतो, आणि भट्टी एकदा तापली की तिचे वीजबिल कोणासाठी थांबत नाही. मालकाची भीती त्यामुळे खोटी म्हणता येणार नाही. तरीही शिरोलीतील आमच्या लहान फाउंड्रीत आणि तिला जोडून असलेल्या मशीन शॉपमध्ये शनिवारच्या शिफ्टचे शेवटचे दोन तास आम्ही असे दिले आहेत, आणि हा वेळ उत्पादनाच्या नियोजनात आधीपासून धरलेला असेल तरच तो कामगाराला खरोखर मिळतो, हे माझे मत त्या अनुभवातून पक्के झाले आहे.

या पद्धतीचे सर्वांत जुने प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील थ्रीएम कंपनीचे आहे. तेथे 1948 पासून तांत्रिक कर्मचाऱ्यांना 15 टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांसाठी वापरण्याची मुभा आहे. त्यामागे कंपनीतीलच रिचर्ड ड्रू यांचा जुना अनुभव होता. पॉलिश पेपरचे नमुने घेऊन मोटारींच्या रंगकामाच्या दुकानांत जाणाऱ्या या तरुणाने तेथील कारागिरांची अडचण पाहिली, आणि वरिष्ठांनी नेमून दिलेल्या कामाकडे वळायला सांगितल्यावरही प्रयोग चालू ठेवून 1925 मध्ये मास्किंग टेप तयार केली. पुढे त्याच कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांना 1968 मध्ये असा गोंद सापडला की जो चिकटे, पण सहज सुटे. त्याचा उपयोग काय, हे आर्ट फ्राय यांना 1974 मध्ये सुचले आणि चिकटचिठ्ठ्या (पोस्ट-इट) अमेरिकाभर विकायला येईपर्यंत 1980 उजाडले. निरुपयोगी ठरलेली वस्तू इतकी वर्षे टाकून न देण्याची ही तयारी मला त्या 15 टक्क्यांइतकीच मोलाची वाटते.

गुगलच्या संस्थापकांनी 2004 मध्ये भागधारकांना लिहिलेल्या पत्रात 20 टक्के वेळेचा उल्लेख केला आणि गुगल न्यूजचा पहिला नमुना त्याच वेळेत तयार झाल्याचे सांगितले. मात्र त्याच कंपनीत अनेक वर्षे काढलेल्या मारिसा मेयर यांनी नंतर सांगितले की तो वेळ प्रत्यक्षात 120 टक्क्यांचा असे, म्हणजे नेहमीचे काम पूर्ण करून त्यावर आणखी. एवढ्या संपन्न कंपनीत जर असे होत असेल, तर महिनाअखेरीच्या डिस्पॅचखाली दबलेल्या आपल्या कारखान्यांत काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

कारखान्यातील कामाचा आठवडा 48 तासांचा धरला तर त्याचे 15 टक्के म्हणजे सात तासांहून थोडे अधिक. लहान फाउंड्रीला ते झेपणार नाही, आणि झेपते असा आव आणू नये. दोन तास झेपतात, पण ते शिफ्टच्या आतच हवेत. ‘सुटल्यावर थांबून कर’ असे म्हणणे म्हणजे कामगाराच्या घरच्या वेळेवर हात टाकणे आहे आणि कायद्याच्या दृष्टीने त्याला ओव्हरटाइमचा दुप्पट दर लागतो. म्हणून ग्राहकाला तारीख देतानाच आम्ही आठवड्याच्या क्षमतेतून हे तास वजा करतो. तसे केले नाही तर सुपरवायझर ते परत घेतोच. त्यात त्याचा दोष नाही, कारण त्याला उत्तर टनांत द्यायचे असते.

सूचनापेटी आणि हा वेळ यांत अनेकांचा गोंधळ होतो. टोयोटाने 1951 मध्ये सुरू केलेली कामगारांच्या सूचनांची योजना मोठ्या योग्यतेची आहे, पण सूचना स्वीकारायची की नाही हे तेथे दुसरा कोणी ठरवतो. येथे विषय कामगाराचा, आणि त्यासाठी त्याला मशीन, भंगारातला माल आणि मदतीला एक माणूसही मिळतो. बंधन एकच आहे. वितळलेल्या लोखंडाशी आणि भट्टीशी संबंधित काहीही अनुभवी मेल्टरच्या उपस्थितीशिवाय करायचे नाही.

कोअर म्हणजे ओतीव भागात पोकळी राहावी म्हणून मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, ठेवायचा वाळूचा गाभा. कोअर शॉपमधील एका ताईंनी या वेळेत कोअर नेण्याचा ट्रे बनवला. कोअर मोल्डपर्यंत नेताना त्यांच्या कडा तुटत, आणि तुटलेल्या कडेची वाळू कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, जाऊन रिजेक्शन वाढे. आम्ही दोष कोअरच्या मिश्रणात शोधत होतो. तो वाहून नेण्यात होता, हे रोज वाहून नेणाऱ्या बाईंना दिसले. त्या ट्रेच्या ड्रॉइंगवर आता त्यांचे नाव आहे.

दुसरा प्रयोग अजून फसलेलाच आहे, आणि मला तो अधिक जवळचा वाटतो. वापरून झालेली वाळू टाकायची कोठे, हा येथील प्रत्येक फाउंड्रीचा प्रश्न. आमच्या एका मोल्डरने त्या वाळूत सिमेंट घालून फरशीचे ठोकळे पाडायला घेतले. ते वाळले की कोपरे हाताने चुरत. शोध घेता घेता त्याच्या लक्षात आले की ग्रीन सँडमधील (साच्यांच्या ओलसर वाळूतील) बेंटोनाइट ही चिकट माती आणि कोळशाची पूड सिमेंटला धरू देत नाही. वाळू मोल्डमध्ये धरून ठेवणारे बेंटोनाइट ठोकळ्यात मात्र अडचण ठरते, हे त्याने आम्हाला समजावून सांगितले. सध्या तो वाळू धुऊन आणि चाळून पाहतो आहे. ठोकळा टिको न टिको, वाळूतील ओलावा आणि मातीचे प्रमाण याविषयी तो आता आमच्या प्रयोगशाळेतील मुलांशी बरोबरीने बोलतो.

कोल्हापूरला ही वृत्ती नवी नाही. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी सहकारी विष्णुपंत दामल्यांना सोबत घेऊन 1918 च्या सुमारास येथेच सिनेमाचा कॅमेरा बनवला. शेतकऱ्यांची ऑइल इंजिने दुरुस्त करता करता उद्यमनगरातील मिस्त्रींनी स्वतःची इंजिने घडवली. त्या पिढीला वेळ कोणी दिला नव्हता, म्हणून आजही देण्याची गरज नाही, असे काही ज्येष्ठ उद्योजक मला सांगतात. मला हे पटत नाही. ते मिस्त्री आपल्या वर्कशॉपचे आणि आपल्या दिवसाचे धनी होते. आजच्या ऑपरेटरच्या दिवसाचा प्रत्येक मिनिट सायकल टाइममध्ये, म्हणजे एक नग करायला ठरवून दिलेल्या वेळेत, बांधलेला असतो, आणि तो आम्हीच बांधला आहे.

आमच्याकडे एक मोठी उणीव अजून राहिली आहे. फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणे) आणि ओतकामातील बरेच कामगार कंत्राटी असून त्यांना वजनावर मजुरी मिळते. त्यांच्यासाठी दोन तास म्हणजे दोन तासांचे नुकसान. म्हणून त्या वेळेची मजुरी त्यांच्या मागील महिन्याच्या सरासरीने कंपनीने भरावी, असा प्रस्ताव मी भागीदारांपुढे ठेवला आहे. खर्चाचा तक्ता त्यांच्या हातात आहे आणि दिवाळीपूर्वी निर्णय व्हावा, असा माझा आग्रह आहे.